भादव्यातले शनिवार

भादवा लागला की आमच्या संग्रहालयाचा फोन वाजायला लागतो. बदनापूरचे मास्तर, राजूरच्या बाई, अंबडकडचे कुणी मुख्याध्यापक. "भाभी, सतरा सप्टेंबरच्या आत कोणता दिवस मोकळा हाये?" त्या दिवशी मराठवाडा मुक्तिदिन, त्याच्या आत सगळ्यांना सहल आणायची असते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करत जाते. बाहेर पाऊस उघडलेला असतो आणि ऊन चावरं झालेलं असतं. सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या, कपाशीला पहिली बोंडं धरलेली. हवेत ओल्या मातीचा आणि फवारणीच्या औषधाचा मिळून एक वास असतो, तो या महिन्याशिवाय कधी येत नाही. जालन्याच्या बाकी लोकांना हा महिना गणपतीचा, महालक्ष्म्यांचा, पित्रांचा. आमच्या घरी पर्युषणाचा. मला मात्र काही वर्षांपासून या उन्हात काच फुटल्याचा आवाज येतो. भांडी घासताना येतो, रिक्षात बसल्यावर येतो. मी मागे वळून बघते आणि मागे काही नसतं.

आमचं संग्रहालय म्हणजे मस्तगडाच्या बाजूला बंद पडलेल्या एका जिनिंगच्या दोन खोल्या. एका ट्रस्टनं त्या घेतल्या आणि गावोगावच्या घरांतून लोकांनी आणून दिलेल्या वस्तू तिथं मांडल्या. मोटेचं चामडं, दगडी जाती, उखळ-मुसळ, कापूस पिंजायची धनुकली, जुने फोटो, एक ठासणीची बंदूक आणि एक तलवार. शाळेतली नोकरी संपल्यावर मी इथं बसायला लागले. मी मारवाडी घरातली, म्हणून लहानमोठे सगळे मला भाभीच म्हणतात.

पोरं रांगेनं आत येतात. जात्याकडे बघत नाहीत, चामड्याकडे नाक मुरडतात आणि तलवारीपाशी येऊन सगळी रांग थांबते. नाकं काचेला चिकटतात. "मॅडम, हिच्यानं किती माणसं मारली?" हा पहिला प्रश्न. "ते काळं दिसून राह्यलं ते रक्त हाये का?" हा दुसरा. मी सांगते, गंज आहे तो. पोरांचे चेहरे पडतात. परत जाताना गाडीत चढायच्या आधीच पट्ट्या आणि कंपासपेट्यांची लढाई सुरू होते, एखादा मेल्याचं सोंग घेऊन वाळूत लोळतो, त्याचे मित्र त्याच्या पोटावर पाय देऊन उभे राहतात. मला त्यांचा राग येत नाही. त्या वयात मरण म्हणजे उठून कपडे झटकायचं असतं.

काही वर्षांपूर्वी ट्रस्टनं ठरवलं की भादव्यातल्या शनिवारी दुपारी जुन्या माणसांना बोलतं करायचं. वस्तू काही सांगत नाहीत, माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून ऐकून घ्यावं. पहिल्या शनिवारी आल्या दगडूबाई. बदनापूरकडच्या एका गावच्या, त्यांच्याच गावातल्या एका मास्तरांनी त्यांना जीपमधून आणलं. कमरेत वाकलेल्या, हिरवं नऊवारी, आवाज मात्र रानातून हाक मारायचा. खुर्चीवर बसायला त्या तयार नव्हत्या. सतरंजीवर भिंतीला टेकून बसल्या आणि सुरुवात केली.

निजामाच्या राजवटीचं शेवटचं वर्ष. त्यांचे वडील निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात जाणाऱ्या पोरांना कडब्याच्या गंजीत लपवत. कुणीतरी चुगली केली. "ते आले घोड्यावर. पुस्तकात त्याहिचं नाव असंल, आमी 'ते आले' येवढंच म्हनायचो. बापाला गाडीच्या चाकाला बांधलं. बंदुकीच्या दस्त्यानं गुडघे फोडले. कोन पोरं, कुठं गेली, सांग. बाप काही बोलला न्हाई. मंग त्याला त्याच गंजीत टाकला अन् काडी लावली." त्यांनी पदर डोक्यावर ओढला. "मी मायच्या पदरात तोंड घालून बसल्ते. ते वरडनं मानसाचं वाटतच नव्हतं. मला वाटलं, बैल जळून राह्यला. मी मायला म्हनलं, बैल सोडा कोनीतरी."

मग मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या, एकानं घोषणा दिली. ट्रस्टचे अध्यक्ष हार घेऊन पुढे आले. दगडूबाईंनी हार घेतला, मांडीवर ठेवला आणि मला विचारलं, "टाळ्या कामून वाजवल्या त्यांनी?"

लोक गेल्यावर मी मागच्या खोलीत चहा केला. त्या बशीत ओतून पीत होत्या. म्हणाल्या, "भाभी, हे अर्धंच झालं."

"बाकीचं पुढच्या वेळी सांगा."

"पुढच्या टायमाला मी ऱ्हाईन का न्हाई. आत्ता ऐका."

पोलीस ॲक्शन झाली, फौज आली, निजाम गेला. त्यानंतर दोन-चार दिवसांत एका सकाळी त्यांचे चुलते आणि गावातली आणखी काही माणसं कुऱ्हाडी, कोयते घेऊन निघाली. ज्यांनी गंज पेटवली ते घोडेवाले कधीच पळून गेले होते. गावात मुसलमान पिंजाऱ्यांची घरं होती, हाताशी तेवढीच होती. "चुलता घरी आला अन् म्हनला, दगडे, पानी टाक. मी तांब्यानं पानी टाकत होते, तो हात धूत होता. कोपरापर्यंत. पानी लाल होऊन दगडावरून चाललं होतं. खोटं न्हाई सांगत, मला बरं वाटलं तवा. बापाचा बदला झाला म्हनून बरं वाटलं. हा चुलता मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवायचा, भाभी. मंग दुपारी कळलं, रहमानचाचा बी गेला. बापाला जाळला त्या दिवशी भेवानं कोनी घराबाहेर निघालं नव्हतं. रहमानचाचा तेवढा आला. राखेतनं बापाची हाडं वेचून त्यानंच मायच्या पदरात घातल्ती. त्यालाच हिरीवर नेऊन तोडला."

चहावर साय धरली होती. आमच्या घरात त्या दिवसांबद्दल एकच वाक्य बोललं जायचं, की तेव्हा दुकान बंद होतं. बंद दाराआड बसून आमच्या माणसांनी काय ऐकलं ते मी कधी विचारलं नव्हतं.

"त्याचा पोरगा जालन्यात हाये, असं ऐकलं," दगडूबाई म्हणाल्या. "उस्मान. गादीवाला. त्याला बोलवा. पुढचं त्यानं सांगावं. मी सांगितलं तर ते बी आमचंच सांगनं व्हईल."

उस्मानभाईंचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. पिंजायचं मशीन चालू होतं आणि कापसाचा भुगा सगळीकडे उडत होता. त्यांच्या भुवयांवर, दाढीवर, टोपीवर कापूस बसला होता. मुलगा काम करत होता, ते नुसते बसून होते. मशीनच्या आवाजात मी मोठ्यानं सगळं सांगितलं.

"कोनाला ऐकायचं हाये ते आता?" त्यांनी विचारलं.

"दगडूबाईंना."

त्यांनी मुलाला हातानं खूण केली. मशीन बंद झालं. "दगडी जिवंत हाये?"

मी मान हलवली. ते गुडघ्यावरचा कापूस वेचायला लागले. मग म्हणाले, "येतो. पन नाव न्हाई घेनार कोनाचं. मारनारे सगळे मेले, भाभी. त्यांच्या नातवांच्या गाद्या मीच भरून दिल्या. लग्नात जेवून आलो."

अध्यक्षांना हे आवडलं नाही. "सतरा सप्टेंबर तोंडावर, आत्ताच कशाला?" ते म्हणाले. मी विचारलं, मग कधी? त्यांनी चष्मा पुसला आणि विषय सोडून दिला. पण बातमी दगडूबाईंच्या गावात गेली. शुक्रवारी मला फोन आला. तरुण आवाज होता, शांत. "आमच्या पणज्याला खुनी ठरवून राह्यल्या का तुम्ही?" मी म्हटलं, या आणि ऐका. "येतो की," तो म्हणाला.

त्या शनिवारी सकाळी एका जिल्हा परिषदेच्या शाळेची सहल आली होती. सातवीचा वर्ग, बरोबर शिंदे सर. त्यांचा टेम्पो पंक्चर झाला, म्हणून मुलं दुपारपर्यंत थांबली आणि मोठ्या माणसांबरोबर सतरंजीवर बसली. दगडूबाई पुढे. उस्मानभाई धुतलेले पांढरे कपडे घालून आले होते. त्यांनी दगडूबाईंकडे बघितलं, त्यांनी यांच्याकडे. दगडूबाई एवढंच म्हणाल्या, "लई म्हातारा झाला रे."

ते सांगायला लागले. वडील धनुकली घेऊन गावोगाव फिरायचे, तिचा आवाज ऐकून पोरं मागे धावायची. मुलं ऐकत होती. ते "एक दिवस सकाळी" म्हणाले आणि दारात पाच जण येऊन उभे राहिले.

मला अजून आठवतं ते हे, की त्यांनी दारात चपला काढल्या. सवयीनं, देवळात काढतात तशा, ओळीत. पुढचा होता तो संतोष, दगडूबाईंच्या त्याच चुलत्याचा पणतू. भरलेला, देखणा पोरगा. त्यानं विचारलं, "उस्मान कोन?" आणि उस्मानभाईंनी वर्गात हजेरी द्यावी तसा हात वर केला.

पुढचं फार पटकन झालं. संतोषनं मुसळ उचलून काचेवर घातलं. काच फुटली ती एकदम फुटली नाही, आधी तिच्यात जाळं पसरलं आणि मग ती खाली आली. त्यानं तलवार काढली. पहिला वार पातं आडवं पडून खांद्यावर बसला. दुसऱ्याला उस्मानभाईंनी हात आडवा केला. वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज आला. गंजलेल्या तलवारीला धार नव्हती, म्हणून हात तुटला नाही, मोडला. तिसरा वार कपाळावर. रक्त इतकं पटकन येतं हे मला माहीत नव्हतं. ते त्यांच्या दाढीतून पांढऱ्या शर्टावर उतरलं आणि पसरत गेलं. बाकीचे फोटो ओढून फोडत होते, एक जण धनुकलीवर नाचत होता. शिंदे सरांनी संतोषला मागून मिठी मारली. त्यानं कोपर मारलं आणि सरांच्या तोंडातून रक्त आणि एक दात बाहेर आला. मुलं किंचाळत भिंतीला चिकटली होती, काही टेबलाखाली. एक मुलगी कान दाबून एकाच सुरात "आई आई आई" म्हणत होती.

मी संतोषचं मनगट धरलं. तो झटका देत होता, मला ते सोडवेना आणि तो आवरेना. मी चावले. ज्या घरात या दिवसांत कांदा-बटाटासुद्धा येत नाही, तिथली मी बाई. पर्युषण होऊन आठवडाही झाला नव्हता. माझे दात त्याच्या कातडीत गेले आणि तोंडात खारट, गरम काही आलं. तलवार खाली पडल्याचा आवाज मी ऐकला. तरी मी सोडलं नाही. मला सोडायचं नव्हतं. अजून आत जावं असं वाटत होतं. शिंदे सरांनी माझे केस धरून मला मागे ओढलं तेव्हा मी सुटले. त्या आवेशात जे वाटलं त्याला मी आजवर दुसरा शब्द शोधते आहे, पण दगडूबाईंनी चहा पिताना वापरला होता तोच येतो. बरं वाटलं.

त्या सगळ्या गोंधळात दगडूबाई जागच्या हलल्या नव्हत्या. त्या ओरडल्या एकदाच. "संत्या, पायाखाली काचा हायेत."

त्यानं खाली बघितलं. त्याचे तळवे फाटले होते. मग पाचही जण पळाले, अनवाणी, फरशीवर लाल पावलं उमटवत. चपला दारात तशाच ओळीत राहिल्या. संध्याकाळी पोलिसांनी त्या पिशवीत भरून नेल्या, तलवारीबरोबर.

टेम्पोचं चाक बसलं तेव्हा मुलं गुपचूप चढली. सकाळी तलवारीपाशी उभा राहून रक्ताबद्दल विचारणारा मुलगा सतरंजीवरच्या डागाला वळसा घालून गेला. शिंदे सर तोंडाला रुमाल लावून मुलं मोजत होते, पुन्हा पुन्हा मोजत होते. मी त्यांना म्हटलं, तुमच्या शाळेत येऊन मी पालकांची माफी मागते. ते म्हणाले, "भाभी, त्यांनी बघितलं ते बघितलं. आता मला त्यांच्याशी बोलावं लागंल." ते पुढे बरेच दिवस बोलत राहिले असं ऐकलं. दोन मुलांना मात्र त्यांच्या घरच्यांनी पुन्हा कुठल्याच सहलीला पाठवलं नाही.

उस्मानभाईंना टाके पडले, हाताला प्लास्टर. दवाखान्यात मी त्यांच्या पलंगाशी उभी होते. त्यांचा मुलगा माझ्याकडे बघत नव्हता आणि त्याचं बरोबर होतं. उस्मानभाई डोळे मिटून होते. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "माझं सांगनं राह्यलं ना."

केस त्यांना नको होती. पोलिसांनी माझा आणि सरांचा जबाब घेऊन ती केली. नंतर गावातली चार मोठी माणसं मिटवायला आली. अध्यक्षही म्हणाले, मिटवून टाका, पोराचं आयुष्य आहे. मी त्यांना चहा दिला आणि नाही म्हटलं. रात्री घरी माझे मिस्टर म्हणाले, आपल्याला याच गावात धंदा करायचा आहे. मी त्यांनाही तेच सांगितलं, पण आवाज तितका ठाम नव्हता.

साक्षीला दगडूबाई आल्या. वकिलानं विचारलं, आरोपी तुमचा कोण? "चुलत्याचा पणतू." म्हणजे घरातलाच? "हाव." आजी, मग घरातल्या पोराविरुद्ध कशी साक्ष देता? दगडूबाईंनी कठड्याला घट्ट धरलं होतं. म्हणाल्या, "घरातला हाये म्हनून तर सांगून राह्यले. त्या टायमाला बी घरातलाच होता. सारे गप बसले. मी बी. म्हनून आज ह्यो हिथं उभा हाये." संतोष खाली मान घालून उभा होता. कोर्टाच्या आवारात नंतर त्यानं त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत आणि आशीर्वादही दिला नाही.

त्यानंतर गावातल्या घरात त्यांचं ताट वेगळं झालं, मग बंद झालं. मुलगी जालन्यात असते, ती घेऊन आली. निकाल अजून लागलेला नाही. तारखेला संतोष भेटतो, मला नमस्कार करतो. कधी मी करते, कधी करवत नाही. त्याच्या मनगटावर माझ्या दातांची खूण आहे, पांढरी पडलेली. मी ती बघते आणि तो बाही खाली ओढतो.

मधली काही वर्षं हे शनिवार बंद होते. ट्रस्टनं काचेऐवजी जाळी लावली, दारात माणूस बसवला. या वर्षी भादव्यात फोन वाजला तो दगडूबाईंच्याच गावच्या शाळेचा होता. नवीन मुख्याध्यापिका आल्या आहेत, तरुण आहेत. म्हणाल्या, "आमच्या मुलांना आमच्या गावचं ऐकायचंय. मी पालकांची बैठक घेतली. निम्म्यांनी नाही म्हटलं, निम्मी मुलं आणते." मी उस्मानभाईंना विचारायला गेले तेव्हा त्यांचा मुलगा मशीन बंद न करताच म्हणाला, "अब्बा को फिर मरवाओगे क्या?" उस्मानभाईंनी त्याला गप केलं आणि टोपी घातली. मुलगा बरोबर आला, सबंध वेळ दाराकडे तोंड करून बसला.

परवाच्या शनिवारी ते बोलले. मोडलेला हात नीट सांधला नाही, तो मांडीवर ठेवून. "एक दिवस सकाळी" इथून त्यांनी सुरुवात केली आणि या वेळी थांबले नाहीत. विहिरीवरचं सांगितलं. वडिलांनी हात जोडले, तेव्हा आधी हातच तोडले, हे सांगितलं. मुलं पापणी लववत नव्हती. एकानंही विचारलं नाही, किती मेले. आईनं त्यांना ज्वारीच्या रानात तोंड दाबून दिवसभर बसवलं आणि मग जालन्याची वाट धरली. वाटेत तिनं बजावलं, गाव कोणतं म्हणून कुणी विचारलं तर सांगायचं नाही. "मी कधीच न्हाई सांगितलं. शाळेत जालना, कार्डावर जालना, बायकोला बी जालनाच सांगितलं. आज सांगतो." आणि त्यांनी गावाचं नाव घेतलं.

पुढच्या रांगेतली एक मुलगी, दोन वेण्या, हातात अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा, म्हणाली, "मंग तुम्ही आमच्याच गावचे की."

भिंतीला टेकलेल्या दगडूबाई म्हणाल्या, "हाव. मारुतीच्या मागचं घर याचं."

मुलगी विचारात पडली. मग म्हणाली, "तिथं तर संतोषकाकाचं घर हाये."

मुख्याध्यापिकेनं माझ्याकडे बघितलं. दारापाशी बसलेला उस्मानभाईंचा मुलगा वळला. दगडूबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"म्हाईत हाये मला," उस्मानभाई म्हणाले. "दारात कडुलिंब हाये का गं अजून?"

"हाये की," ती म्हणाली. "लई मोठा झाला."